अज्ञान मुखत्यार

परक्या भाषेंतला एखादा शब्द आपल्या घरीं आला म्हणजे प्रथम पाहुण्यासारखा ओसरीवर बसतो, आणि कांहीं वर्षांनीं पाहावें तों माजघरांत वावरूं लागलेला असतो. 'एजंट' हा शब्द असाच आहे. आमच्या जालना जिल्ह्यांत त्याचे किती तरी अवतार आढळतात. विम्याचा एजंट, बियाण्यांच्या कंपनीचा एजंट, ट्रकचें भाडें ठरवून देणारा एजंट, आर. टी. ओ. कचेरीबाहेर फॉर्म भरून देणारा एजंट. यांतला कोणीहि दारांत उभा राहिला कीं घरांतला कर्ता माणूस किंचित् सावध होतो. पण त्याच्यावांचून कोणाचें चालतहि नाहीं. आपणांस जेथें जातां येत नाहीं तेथें आपल्या वतीनें जाऊन काम उरकून येणारा तो एजंट, एवढीच त्याची साधी व्याख्या. जुन्या दप्तरी भाषेंत त्यास मुखत्यार म्हणत, आणि त्याच्या हातीं मुखत्यारपत्र ठेवण्यापूर्वीं शहाणे लोक दहा वेळां विचार करीत.

गेल्या दोन-तीन वर्षांत या मंडळींत एका नव्या एजंटाची भर पडली आहे. त्याला हातपाय नाहींत. तो चहा पीत नाहीं, रजा मागत नाहीं, दिवाळीला बोनसचा विषय काढीत नाहीं. कृत्रिम बुद्धिमत्तेचा हा एजंट कारखान्यांच्या व पेढ्यांच्या हिशेबी सॉफ्टवेअरमध्यें राहतो, आणि आजवर कारकुनानें खुर्चीवर बसून करावयाचीं कामें मालकाच्या वतीनें करूं लागतो. त्याची जाहिरात करणारे त्याच्या करामती सांगतात. त्याच्या नांवानें बोटें मोडणारे तो किती जणांच्या पोटावर पाय आणील त्याचा आंकडा सांगतात. दोघांचेंहि ऐकून झाल्यावर आम्हांस मात्र निराळाच प्रश्न पडला. हा मुखत्यार चुकला तर जाब कोणीं द्यावयाचा? आणि तो चुकला आहे हें ओळखणारा माणूस यापुढें तयार कोठें व्हावयाचा?

हा प्रश्न मुंबई-पुण्याच्या कांचेच्या इमारतींतला आहे, जालन्यास त्याचें काय, असें कोणी म्हणेल. परंतु जालना हें पिढ्यान् पिढ्या हिशेबावर जगत आलेलें गांव आहे. 'जालना सोने का पालना' ही जुनी म्हण बाजारपेठेच्या भरभराटीचीच खूण होय. कुंडलिकेच्या दोन कांठांवर जुना जालना आणि नवा जालना वसले आहेत. १ मे १९८१ रोजीं त्या वेळच्या औरंगाबाद जिल्ह्यापासून निराळा होऊन जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला. पण येथील व्यापार त्याहून किती तरी जुना. १९६४ सालीं बद्रिनारायण बारवाले यांनीं येथें महिको ही बियाण्यांची कंपनी काढली, आणि जालन्याचें नांव दूरदूरच्या शेतांपर्यंत पोहोंचलें. पुढें औद्योगिक वसाहतींत पोलादाच्या भट्ट्या पेटल्या. भंगार लोखंड विजेच्या भट्टींत वितळवावयाचें आणि रोलिंग मिलमधून त्याच्या सळया काढावयाच्या, हा आजच्या जालन्याचा मुख्य उद्योग. महाराष्ट्रांत ज्यानें घर बांधावयास काढलें त्याच्या कानांवरून जालन्याच्या सळईचें नांव गेलें नाहीं असें क्वचितच होईल.

भट्टीपुढें घाम गाळणारा मजूर जाणाऱ्यायेणाऱ्यास दिसतो. त्याच कारखान्याच्या एका कोपऱ्यांत जी कचेरी असते ती कोणास दिसत नाहीं. पूर्वीं तेथें दिवाणजी मांडी ठोकून बसत. पुढ्यांत रोजकीर्द, बाजूला खतावणी, आणि संध्याकाळीं मेळ जुळल्याशिवाय उठावयाचें नाहीं असा परिपाठ. वह्या गेल्या आणि संगणक आला. १९८६ सालीं बंगळुरास श्यामसुंदर गोयंका व त्यांचे चिरंजीव भारत गोयंका यांनीं हिशेबाच्या सॉफ्टवेअरची जी कंपनी काढली तिचीच 'टॅली' आज मोंढ्यांतल्या आडतीपासून कारखान्यापर्यंत सर्वत्र दिसते. मोठमोठ्या उद्योगांत १९७२ सालीं जर्मनींत निघालेल्या 'सॅप' कंपनीचीं किंवा त्या जातीचीं अवजड सॉफ्टवेअरें असतात. तीं खरेदी, साठा, पगार, विक्री असा सारा प्रपंच एकाच छपराखालीं सांभाळतात. बी. कॉम. झालेला मुलगा वा मुलगी नोकरीस गेली कीं 'टॅली येतें का?' हा पहिला प्रश्न ठरलेला. ह्या दृष्टीआडच्या खोलीवर जिल्ह्यांतील किती तरी मध्यमवर्गीय घरांचे संसार उभे आहेत.

त्या खोलींतलें काम गेल्या आठ-नऊ वर्षांत कमी होण्याऐवजीं वाढलें. १ जुलै २०१७ रोजीं वस्तु व सेवा कर आला. २०१८ च्या एप्रिलपासून परप्रांतीं जाणाऱ्यायेणाऱ्या मालाबरोबर ई-वे बिल लागूं लागलें. २०२० च्या ऑक्टोबरपासून अगदीं मोठ्या कंपन्यांस लागू झालेलें ई-इन्व्हॉइस १ ऑगस्ट २०२३ पासून वार्षिक ५ कोटींहून अधिक उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यापर्यंत येऊन ठेपलें. भंगारावर चालणाऱ्या आमच्या गांवास तर १० ऑक्टोबर २०२४ पासून आणखी एक नवा धडा गिरवावा लागला. नोंदणी नसलेल्या भंगारवाल्याकडून माल घेतला तर त्याचा कर घेणाऱ्या कारखान्यानें भरावयाचा. नोंदणी असलेल्याकडून घेतला तर ठराविक रकमेपुढच्या सौद्यांत २ टक्के कापून सरकारांत जमा करावयाचे.

भंगाराचा एक ट्रक फाटकांतून आंत आला म्हणजे किती कागद जन्मास येतात तें पाहावें. खरेदीची ऑर्डर, विक्रेत्याचें बिल, ई-वे बिल, वजनकांट्याची भरल्या व रिकाम्या गाडीची पावती, माल उतरून घेतल्याची नोंद. हे सारे एकमेकांशीं जुळले पाहिजेत. पुढच्या महिन्याच्या १४ तारखेस सरकारी पोर्टलवर विक्रेत्यांनीं दाखविलेल्या बिलांचा तक्ता तयार होतो. त्याच्याशीं आपलें प्रत्येक बिल ताडून पाहावयाचें, कारण विक्रेत्यानें बिल दाखविलें नसेल तर भरलेल्या कराची वजावट मिळत नाहीं. २०२४ च्या ऑक्टोबरपासून तर पोर्टलवरच प्रत्येक बिल मान्य, अमान्य किंवा प्रलंबित म्हणून सांगण्याची सोय झाली आहे. आणि कांहींच न सांगितलें तर तें मान्य समजलें जातें. २० तारीख ही कर भरण्याची मुदत. महिन्यांतले हे सहा दिवस कचेरींतल्या माणसांस कसे जातात हें त्यांच्या घरच्या माणसांस विचारावें.

अशा जागीं हा नवा एजंट येतो. यंत्रानें हिशेब करणें नवें नव्हे. पण आजवरचें यंत्र रुळांवरच्या गाडीसारखें होतें. बिलाची तारीख उजव्या कोपऱ्यांत असते असें त्याला सांगून ठेवावें, आणि एखाद्या विक्रेत्यानें ती डावीकडे छापली कीं गाडी जागच्या जागीं थांबावी. एजंटाला रूळ लागत नाहींत. त्याला मुक्काम सांगावयाचा. 'या महिन्याचीं खरेदीचीं बिलें जुळवून घे, आणि जीं जुळत नाहींत त्यांविषयीं विक्रेत्यांस पत्रें लिही,' एवढी आज्ञा पुरते. त्याच्या मुळाशीं अफाट मजकुरावर पोसलेलें एक भाषेचें यंत्र असतें. वाक्याचा अर्थ लावून पुढें काय यावें हें तें अटकळीनें सांगतें. त्या अटकळीच्या बळावर एजंट कामाचे टप्पे पाडतो, एक टप्पा पुरा करतो, काय निष्पन्न झालें तें पाहतो आणि पुढचा टप्पा ठरवितो. बिल वाचतो, खतावणींत नोंद शोधतो, तक्त्याशीं ताडतो, फरक आढळला कीं विक्रेत्यास विनयपूर्वक ई-मेल धाडतो. 'सॅप'नें आपला 'जूल' नांवाचा सहायक २०२३ च्या सप्टेंबरांत जाहीर केला. २०२४ च्या शरदांत सेल्सफोर्स कंपनीनें 'एजंटफोर्स' बाजारांत आणला, आणि त्याच ऑक्टोबरांत मायक्रोसॉफ्टनें आपल्या व्यापारी सॉफ्टवेअरसाठीं एकदम १० एजंट जाहीर केले.

आमच्या ओळखीच्या एका कारखान्यांत असा एक एजंट प्रयोगादाखल बसविला आहे, आणि तेथील वृद्ध दिवाणजींच्या कृपेनें त्याचें काम आम्हांस कांहीं वेळां जवळून पाहावयास मिळालें. त्याचें श्रेय त्याला दिलेंच पाहिजे. एकाच बिलाची नोंद दोघां कारकुनांनीं दोनदां केली होती. एकानें क्रमांकांत तिरकी रेघ घातली होती, दुसऱ्यानें ती गाळली होती. माणसाच्या डोळ्यास तीं दोन बिलें वाटलीं, आणि पैसे दोनदां गेले असते. एजंटानें तें क्षणांत पकडलें. त्या कचेरींत बदनापूरकडून रोज एस. टी.नें येणारी एक मुलगी आहे. महिन्याच्या १९ तारखेस रात्रीं शेवटची गाडी चुकूं नये म्हणून तिचें अर्धें लक्ष घड्याळाकडे आणि अर्धें पडद्याकडे असे. एजंट आल्यापासून ती दिवेलागणीस घरीं पोहोंचूं लागली. ज्यांना त्या कामाचा भार कधीं वाहावा लागला नाहीं त्यांनीं जुन्या काळच्या गोडव्यासाठीं तो तिच्या डोक्यावर पुनः ठेवावा असें म्हणणें आम्हांस शोभत नाहीं.

आतां दुसरी गोष्ट. पावसाळ्याचे दिवस होते. बाहेरगांवाहून भंगाराचा ट्रक आला. बिलांतलें वजन आणि कारखान्याच्या कांट्यावरचें वजन यांत जेमतेम १० किलोंचा फरक. ऑर्डर, बिल, ई-वे बिल, पावती, सारें कांहीं जुळलें, आणि एजंटानें बिल मंजुरीच्या यादींत टाकलें. दिवाणजींनीं चष्मा कपाळावर चढवून त्या मुलीस विचारलें, "पोरी, रात्रीं तुमच्याकडं पाऊस होता का गं?"

"रात्रभर होता काका. बस पण उशिरा आली."

"अन् ह्या ट्रकावर ताडपत्री होती का, तेवढं फाटकावर विचारून ये बरं."

ताडपत्री नव्हती. माल भरला त्या गांवीं कोरडा होता, आणि तो लेथवरचा कीस व पातळ पत्र्याचे तुकडे असा पाणी धरणारा माल होता. दिवाणजी म्हणाले, "रात्रभर पाणी पिऊन आलेल्या मालाचं वजन बिलापेक्षां जास्त भरायला पाहिजे. ते बरोबर तेवढंच भरतंय. मग जेवढं पाणी आलं तेवढं लोखंड गेलं कुठं?" बिल थांबविलें. माल पसरून उन्हांत वाळविला, पुनः तोलला, आणि तूट निघाली. ओला माल तसाच भट्टींत पडता तर पैशाहून मोठी गोष्ट पणाला लागली असती. वितळलेल्या लोखंडाखालीं पाणी सांपडलें कीं त्याची एकदम वाफ होऊन रस उसळतो, हें भट्टीवरचा पोरहि जाणतो.

कागद जुळत नाहींत म्हणून संशय घेणें एजंटास येतें. कागद फारच चांगले जुळतात म्हणून संशय घेणें दिवाणजींस आलें. एजंट बनविणारे म्हणतील, त्यांत काय, आम्ही त्याला पावसाचीहि माहिती पुरवूं. अवश्य पुरवावी. परंतु पाऊस विचारावा हें प्रथम एका माणसास सुचलें, आणि तें सुचण्याला चाळीस वर्षें कांट्याजवळ काढावीं लागलीं होतीं. उद्यां लबाडी करणारा पाऊस सोडून दुसरें कांहीं शोधील. तेव्हां कोणास काय सुचणार?

येथें कायद्याकडे वळणें भाग आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचें दहावें प्रकरण मुखत्यारीविषयीं आहे. मुखत्यारानें मालकाच्या वतीनें, दिलेल्या अधिकारांत राहून जें केलें तें मालकानें स्वतः केल्यासारखें त्याच्यावर बंधनकारक होतें, हें कलम २२६ चें तात्पर्य. मुखत्यारानें मागितल्यावर मालकास हिशेब दिला पाहिजे, असें कलम २१३ सांगतें. पण या दोहोंच्या आधीं येणारें कलम १८४ मोठें मार्मिक आहे. बाहेरच्या माणसाशीं व्यवहार करण्यापुरता कोणीहि मनुष्य मुखत्यार होऊं शकतो, असें तें म्हणतें. परंतु जो अज्ञान आहे, म्हणजे कायद्यानें वयांत आलेला नाहीं, किंवा ज्याची बुद्धि ठिकाणावर नाहीं, त्यास मालकापुढें जबाबदार धरतां येत नाहीं. सोप्या भाषेंत सांगावयाचें तर, शेजारच्या दहा वर्षांच्या मुलास दुकानीं पाठवून आपण सौदा केला तर सौदा आपणांवर बांधला गेला. पण मुलगा फसला म्हणून त्याच्याकडून भरपाई मागतां येणार नाहीं.

सॉफ्टवेअरमधला एजंट कायद्याच्या दृष्टीनें मनुष्यच नव्हे, तेव्हां हें कलम त्यास अक्षरशः लागू नाहीं. पण त्याचें खरें स्वरूप ओळखावयास इतकी चपखल उपमा दुसरी सांपडणार नाहीं. तो अज्ञान मुखत्यार आहे. त्याच्या हातून झालेला व्यवहार आपणांस बांधतो आणि त्याचा जाब त्याला विचारतां येत नाहीं. कॅनडांतील एका प्रकरणांत हें नुकतेंच सिद्ध झालें. आजी वारल्यामुळें प्रवासास निघालेल्या एका गृहस्थास एअर कॅनडा कंपनीच्या संकेतस्थळावरील बोलक्या यंत्रानें भाड्याच्या सवलतीविषयीं चुकीची माहिती दिली. कंपनीनें असाहि बचाव केला कीं हें यंत्र आपल्या कृत्यांस स्वतःच जबाबदार आहे. २०२४ च्या फेब्रुवारींत ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या न्यायाधिकरणानें तो साफ फेटाळला, आणि भरपाई कंपनीनेंच द्यावी असा निकाल दिला. पुढल्या वर्षीं जुलैमध्यें रेप्लिट या अमेरिकन कंपनीच्या एजंटानें, कांहींहि बदलूं नये अशी ताकीद असतां, एका ग्राहकाचा चालता माहितीसंग्रह पुसून टाकला. माफी मागावयास कंपनीचे प्रमुख पुढें आले. एजंटास काय शिक्षा करणार?

मोठ्या कंपनीच्या प्रमुखानें माफी मागितली तर त्याची नोकरी जात नाहीं. आमच्या गांवच्या कचेरींत गोष्ट निराळी आहे, आणि या लेखाचें खरें दुखणें तेथें आहे. १ एप्रिल २०२३ पासून आपल्याकडे कंपन्यांच्या हिशेबी सॉफ्टवेअरनें प्रत्येक नोंदीचा व प्रत्येक फेरफाराचा माग तारखेसह राखलाच पाहिजे, आणि तो माग कोणास बंद करतां येऊं नये, असा नियम आहे. नियम फार चांगला. रात्रींतून वही बदलण्याची जुनी विद्या त्यानें बरीच निकामी केली. पण आम्हीं पाहिलेल्या कारखान्यांत एजंटाला निराळें नांव दिलें नव्हतें. खर्च वांचावा म्हणून तो बदनापूरच्या त्या मुलीच्या नांवानें व तिच्याच पासवर्डनें सॉफ्टवेअरमध्यें शिरत होता. म्हणजे मुलगी संध्याकाळीं एस. टी.त बसलेली असतां तिच्या नांवावर नोंदी पडत होत्या. पावसाच्या त्या ट्रकचें बिल मंजुरीच्या यादींत टाकणारें नांवहि तिचेंच होतें. दिवाणजींनीं तें थांबविलें नसतें आणि पुढें हिशेबतपासनिसांनीं विचारलें असतें, तर सॉफ्टवेअरच्या अचूक मागानें एका निरपराध मुलीकडे बोट दाखविलें असतें. ज्याला जाब विचारतां येत नाहीं त्याचें काम आणि जिला विचारतां येतो तिचें नांव, अशी ही गांठ होती. दिवाणजींनीं मालकांकडे जाऊन ती सोडविली. एजंटास स्वतंत्र नांव मिळालें. पण प्रत्येक कचेरींत असे दिवाणजी आहेत काय?

आणि असते तरी ते किती दिवस? आमचा दुसरा प्रश्न हा आहे. दिवाणजी कांहीं दिवाणजी म्हणून जन्मास आले नव्हते. विसाव्या वर्षीं ते पावत्या फाईलला लावीत, विशीच्या शेवटीं बिलें ताडीत, तिशींत विक्रेत्यांशीं भांडत. हजारों पावत्या हातांखालून गेल्या तेव्हां कोणत्या पावतीला कसला वास येतो तें त्यांस कळूं लागलें. एजंट जें काम घेतो तें नेमकें हें पहिल्या पायरीचें काम आहे. वरची पायरी माणसासाठीं ठेवली आहे असें आश्वासन दिलें जातें. पण खालची काढून घेतल्यावर वर चढावयाचें कशानें, तें कोणी सांगत नाहीं.

याच जिल्ह्यांत, घनसावंगी तालुक्यांतील जांब गांवीं, १६०८ सालीं समर्थ रामदास जन्मास आले. त्यांच्या दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास चक्क लेखनक्रियेवर आहे. अक्षर कसें काढावें, ओळ कशी राखावी, येथपासून त्यांत उपदेश आहे. अध्यात्माच्या ग्रंथांत ही कारकुनी बाब कशाला, असें एखाद्यास वाटेल. आम्हांस त्याचें मर्म असें दिसतें कीं क्षुल्लक काम नीट करण्याच्या संवयीवरच मोठ्या कामाचा विवेक उभा राहतो. त्या संवयीची जागा कचेरींतून नाहींशी झाली तर ती दुसरीकडे कोठें तरी निर्माण केली पाहिजे. ती आपोआप उगवणार नाहीं.

कोणी म्हणेल, हें वारें ओसरेल. तशीं चिन्हेंहि दिसतात. स्वीडनच्या क्लार्ना कंपनीनें २०२४ च्या फेब्रुवारींत आपला यांत्रिक सहायक ७०० माणसांचें काम करतो असें मोठ्या अभिमानानें सांगितलें, आणि २०२५ च्या मे महिन्यांत तिच्याच प्रमुखांनीं ग्राहकांशीं बोलण्यास पुनः माणसें घेण्याचें जाहीर केलें. गार्टनर या सल्लागार कंपनीनें २०२५ च्या जूनमध्यें भाकीत वर्तविलें कीं एजंटांचे ४० टक्क्यांहून अधिक प्रकल्प २०२७ अखेर गुंडाळले जातील; वाढता खर्च, अस्पष्ट लाभ आणि जोखमीवर अपुरा ताबा हीं तिनें दिलेलीं कारणें. पण या भाकितावर भिस्त ठेवून स्वस्थ बसणें शहाणपणाचें नाहीं. दुसरी बाजू उरलेल्या ६० टक्क्यांची आहे. जें यंत्र दोनदां जाणारे पैसे वांचवितें आणि एका मुलीस वेळेवर घरीं पोहोंचवितें, तें व्यापारी टाकून देणार नाहींत, देऊंहि नये.

तेव्हां मालक मंडळींस आमचें सांगणें व्यवहाराचेंच आहे. माणसास मुखत्यारी देतांना आपण कागदावर लिहून देतों: अमुक रकमेपर्यंत, अमुक कामापुरती, अमुक मुदतीची. या अज्ञान मुखत्यारासहि तसेंच लिहून द्यावें. बिलें जुळवावीं, पण पैसे सोडूं नयेत. पत्राचा मसुदा करावा, पण कराराचा शब्द बोलूं नये. त्याच्या नोंदी त्याच्याच नांवावर पडाव्यात, आणि त्या पाहून ज्यानें मान्यता दिली त्याचें नांव त्यांच्या खालीं यावें. मान्यता देणाऱ्यास पाहावयास वेळहि द्यावा. शंभर नोंदी एका बोटाच्या टिचकीनें मान्य करावयास लावून मग त्याला जबाबदार धरणें हा अन्याय आहे.

आणि जो वेळ वांचला त्याचें काय करावें? त्या मुलीच्या वांचलेल्या तासांचा हिशेब पगारांतून वजा करून मांडतां येईल, आणि पुष्कळ ठिकाणीं तसाच मांडला जाईल. त्याऐवजीं आठवड्यांतून एक दिवस तिला वजनकांट्यावर उभें करावें, भंगाराच्या ढिगाजवळ न्यावें, दिवाणजींच्या शेजारीं खुर्ची टाकून बसवावें. एजंटानें जुळविलेल्यांपैकीं वीस बिलें दर महिन्याला हातानें पुनः ताडावयास लावावीं. त्यानें एजंटाचीहि परीक्षा होईल आणि तिचाहि डोळा तयार होईल. दहा वर्षांनीं दिवाणजी नसतील. त्या वेळीं पाऊस किती झाला हें विचारणारें कोणी त्या खोलींत असावें असें मालकांस वाटत असेल, तर त्या माणसाचें शिक्षण आजच सुरू झालें पाहिजे.

आमच्या वाचकांपैकीं अनेकांचीं मुलेंमुली याच वाटेनें नोकरीस जाणार आहेत. 'सॉफ्टवेअर येतें का?' या प्रश्नास 'येतें' असें उत्तर त्यांनीं द्यावें हें ठीकच आहे; तें शिकविणारे वर्ग गल्लोगल्लीं आहेत. पण घरीं बसून आईबापांनीं त्यांस आणखी एक गोष्ट सांगावी. आपल्या नांवाखालीं जें लिहिलें जातें तें आपण वाचलेलें असावें, आणि दुसऱ्याच्या कामासाठीं आपलें नांव व आपला पासवर्ड कोणास वापरूं देऊं नये, मग तो दुसरा माणूस असो वा यंत्र. त्या एका नकारामुळें नव्या नोकरींत थोडा वाईटपणा येईल. तो पत्करण्याचें बळ मुलांस घरांतून मिळालें पाहिजे.